दुसऱ्या रांगेतली कुजबुज

मंगळवार, रात्री उशिरा

आज एका शाळेत, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसमोर, आमच्या इंग्रजी नाटकाचा प्रयोग होता. तो पडला नाही. टाळ्या झाल्या, प्रश्नोत्तरं झाली, सामान वेळेत व्हॅनमध्ये गेलं. तरी दुसऱ्या रांगेच्या कडेला बसलेल्या शिक्षिका बाईंची कुजबुज कानातून जात नाही. आम्ही इंग्रजीत वाक्य म्हणायचं आणि बाईंनी ते मुलांच्या भाषेत हळूच पुढे सरकवायचं. विंगेतला प्रॉम्प्टर नटाला वाक्य पुरवतो. इथे प्रेक्षकांना पुरवलं जात होतं, तेही नट समोर उभे असताना.

लागलं ते हेच. साडेसहाला निघायचं, साडेआठला शाळा गाठायची, पाऊण तासात नेपथ्य उभं करायचं, पन्नास मिनिटं जीव ओतायचा, आणि मुलांचे डोळे मात्र बाईंकडे. भाषा ऐकवायलाच तर बोलावलं होतं आपल्याला. मग आपली गरज ती काय?

अशा वेळी हशा दोन हप्त्यांत येतो. इंग्रजी कळणारी आठ-दहा मुलं लगेच हसतात. बाकीची तीन-चार सेकंदांनी, भाषांतर पोचल्यावर. तोवर पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं, ते दुसऱ्या हशाखाली बुडतं आणि त्याचंही भाषांतर करावं लागतं. शिवाय कुजबुज ऐकायला मान वळली की रंगमंचावरची कृती निसटते. कृती निसटली की शब्द कळत नाही, आणि शब्द कळला नाही की पुन्हा बाईंकडे बघावं लागतं. पाचव्या मिनिटाला हे सुरू झालं तर शेवटपर्यंत थांबत नाही.

आधी वाटलं, सरळ सांगून टाकावं, भाषांतर करू नका म्हणून. प्रयोगातला जोडीदारही तेच म्हणाला. पण संहिता काढून बसलो, आणि जिथे जिथे कुजबुज आठवली तिथे पेन्सिलीने टिंब दिलं. नऊ टिंबं झाली. सरसकट कुठेच नाही! चार चावीच्या प्रवेशात, तीन भांडणात, दोन शेवटच्या आठवणीत. मधली वीस मिनिटं बाई गप्प होत्या. हे तेव्हा कसं लक्षात आलं नाही?

चावीचं कारण उघड आहे. युरोपच्या भाषा-पातळ्यांमधली ए-टू म्हणजे रोजच्या, साध्या वाक्यांची पातळी. अशा मुलांसाठी वस्तू आधी दिसावी, शब्द नंतर यावा. हातवारासुद्धा शब्दाच्या अर्धा ठोका आधी. वाक्य आठ-दहा शब्दांचं, त्यात नवा शब्द एकच, आणि तो पुढच्या दोन मिनिटांत आणखी दोनदा कानावर पडायला हवा. आपण हे तालमीत पाळतो. पण दौऱ्याच्या पाचव्या आठवड्यात चावी खिशात राहायला लागली, कारण धावताना ती हातातून पडायची. म्हणजे शब्द आला आणि वस्तू आलीच नाही. बाईंनी दुसरं काय करायचं?

भांडणाचा दोष हॉलचा, म्हणजे पुन्हा आपलाच. शाळेच्या व्यायामाच्या हॉलात टाळी वाजवली की आवाज दोन-दोन सेकंद घुमतो. भिंती सिमेंटच्या, जमीन लाकडी, छत उंच. तिथे ओरडलं की घुमणंच वाढतं. आवाज चढवायचा नाही. वेग कमी करायचा आणि शब्दाच्या शेवटचं व्यंजन पूर्ण उच्चारायचं, कारण इंग्रजीत भूतकाळ बऱ्याचदा त्या शेवटच्या ‘ट’ किंवा ‘ड’मध्येच असतो. व्यायामाच्या गाद्या पाठीमागच्या भिंतीला उभ्या लावल्या तरी फरक पडतो. प्रेक्षक हॉलच्या लांब बाजूला, अर्धवर्तुळात जवळ बसवावेत. खिडक्या त्यांच्या पाठीशी असाव्यात, म्हणजे उजेड आपल्या चेहऱ्यावर पडतो आणि ओठ दिसतात. परकी भाषा ऐकणारा ओठही वाचत असतो. आज गाद्या हलवल्या नाहीत, उशीर झाला होता. आणि भांडणात दोघांची वाक्यं एकमेकांवर चढली. मराठीत बोलताना ते जिवंत वाटतं. तिथे नुसता गोंगाट झाला.

शेवटच्या आठवणीच्या प्रवेशावर अजून उत्तर नाही. तो शब्दांवरच उभा आहे.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने १९६५ मध्ये शाळांसाठी वेगळा चमू उभा केला, त्यातल्या कलाकारांना नट-शिक्षक म्हणत. एकाच माणसाची दोन कामं. आपण अडीचशे मुलं एका हॉलात बसवतो, शिक्षकांना कडेची खुर्ची देतो आणि त्यांनी गप्प बसावं अशी अपेक्षा धरतो. त्या मुलांपैकी कोण पहिल्या न कळलेल्या शब्दाला मिटून जातं, हे बाईंना वर्षभर माहीत असतं. आपल्याला पन्नास मिनिटांत कुठून कळणार? कदाचित बाई अशा एकाच मुलासाठी बोलत असतील. तो मुलगा हसला होता का, आठवत नाही. दुसऱ्या हशात असेल.

तो दुसरा हशाही थांबून घ्यायला हवा. पहिल्या हशानंतर वाक्य न टाकता कृती चालू ठेवायची, खोका उचलायचा, टोपी झटकायची, तीन सेकंद जाऊ द्यायचे. प्रयोग दोन मिनिटांनी लांबेल. मधल्या सुट्टीची घंटा अकराला असेल तर शाळेकडे वेळ बदलून मागण्यापेक्षा सुरुवातीचं गाणं एका कडव्याने कापलेलं बरं.

उद्या सुरुवातीआधी शिक्षकांना पाच मिनिटं भेटायचं. गप्प बसा म्हणायला नाही. कुठे अडतं, ते आधीच विचारायला. आणि चावी खिशात नको. जाड दोरीत ओवून गळ्यात, सदऱ्याच्या वर, पहिल्या एन्ट्रीपासून दिसेल अशी. दोरी निळ्या पेटीत आहे, केबलच्या खाली.