चौथ्या सीटवरची साक्ष

“सिस्टर, इतकी वर्षं वॉर्डात काढलीत. किती जणांना सांगितलंत येशूबद्दल?”

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे उपासना सुटल्यावर चहाचा कागदी कप हातात धरून विचारणारी आमची चर्चमधली माणसं. त्यांना आकडा हवा असतो. दुसरी आमच्या बिल्डिंगमधली, लिफ्टची वाट बघताना सहज विचारल्यासारखं करणारी. त्यांनाही आकडाच हवा असतो, फक्त तो शून्य निघावा अशी त्यांची इच्छा असते. दोघांनाही मी आजवर हसून टाळत आले. आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, वेळ आहे, आणि तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं नीट सांगते.

आधी थोडं घरचं. माझे आजोबा नगर जिल्ह्यातून परळला गिरणीत आले. आडनाव अस्सल मराठी, म्हणून नवीन माणसाला आम्ही ख्रिस्ती आहोत हे कळलं की तो हमखास म्हणतो, “अरे, पण मराठी किती छान बोलता!” अहो, दुसरं काय बोलणार? अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८२६ साली त्यांचा मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, छापूनही झाला. आमच्या घरात देवाशी भांडणसुद्धा मराठीतच होतं. आजी रात्री ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकातलं ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एखादं पद म्हणायची आणि शेजारच्या खोलीतल्या काकू आपल्या जागेवरून टाळी धरायच्या. शब्दांवरून त्यांना ते अभंगच वाटत. आजीनेही कधी खुलासा केला नाही.

मी पालिकेच्या रुग्णालयात नर्स होते. शेवटची अकरा वर्षं इन्चार्ज सिस्टर. आता तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग: वॉर्डात किती पेशंटना सांगितलं? एकालाही नाही. चर्चमधल्या काहींना हे ऐकून वाईट वाटतं. पण विचार करा. माणसाच्या एका हाताला सलाईन, बाजूला लघवीची पिशवी, आणि वेदनेचं इंजेक्शन माझ्या ट्रेमध्ये. त्याला मी काही सांगायला लागले तर तो ‘हो हो’ म्हणेल, नाही तर काय करेल? ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यापुढे धर्माचा विषय काढायचा नाही, हे मी पहिल्याच वर्षी ठरवलं. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्माच्या प्रचाराचा हक्क आहे, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर मला तो हक्क नकोच होता. मन वळवणं हे देवाचं खातं. माझ्या खात्यात औषधं वेळेवर देणं होतं, आणि तेच पुरून उरायचं. कोणी स्वतःहून म्हणालं, “सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना कराल?” तर मी करायची. मनातल्या मनात, त्याच्या उशाशी उभं राहून, अर्धा मिनिट. तोवर पलीकडच्या खाटेवरून हाक आलेली असायचीच.

मग बाहेर? बाहेर मी उत्साही होते. लग्नानंतर आम्ही भांडुपला राहायचो. रविवारी संध्याकाळी स्त्रियांच्या मंडळाबरोबर दादरच्या पुलावर येशूबद्दलच्या छापील पत्रिका वाटायला उभी राहायची. लोक घेत, दोन पावलं जात, आणि टाकून देत. त्याचं काही वाटायचं नाही. एका रविवारी वाटून झालं, उरलेल्या पत्रिका पिशवीत कोंबल्या आणि स्लो लोकलच्या बायकांच्या डब्यात शिरले. एका बाकावर तिघी ऐसपैस बसलेल्या. “जरा सरकता का?” म्हटलं. कडेची बाई खिडकीबाहेर बघायला लागली. चौथी सीट मागणं हा मध्य रेल्वेवरचा जन्मसिद्ध हक्क, तो नाकारला म्हणजे युद्धच. माझी सकाळची ड्युटी झालेली, पायांचे तुकडे पडलेले. मी जे तोंड सोडलं ते सोडलं. “गाडी काय बापाने आंदण दिलीय का?” इथपर्यंत गेले. हातवारे करताना पिशवी कलंडली आणि तीस-चाळीस पत्रिका त्या बाईच्या पायांवर पसरल्या. वर लाल अक्षरांत छापलेलं: देव प्रीती आहे.

तिने एक उचलली. वाचली. माझ्याकडे बघितलं. मग काही न बोलता सरकली आणि म्हणाली, “बसा.”

भांडुप येईपर्यंत मी माझ्या चपलांकडे बघत बसले होते. आजही कोणी साक्ष देण्याबद्दल, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्यापुढे मांडण्याबद्दल, बोललं की मला ती बाई आठवते. त्या डब्यात साक्ष कोणी दिली हे सांगायला नको. त्यानंतर मी पत्रिका वाटणं सोडलं. पत्रिकांचा दोष नव्हता, वाटणारीचं तोंड आधी दुरुस्त व्हायला हवं होतं.

आता तुमच्यातले काही विचारतील, मग तोंड दुरुस्त झालं का? शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, आम्हाला बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली ‘आत्म्याच्या फळा’ची यादी पाठ करून घेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. धडधडा म्हटलं की बक्षीस म्हणून पेन्सिल मिळायची. माझ्याकडे पेन्सिली खूप होत्या. खूप उशिरा लक्षात आलं की तिथे ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे. नऊ वेगवेगळी फळं नाहीत, की दोन आली, सात राहिली असा हिशेब ठेवावा. मी मात्र हिशेबच ठेवत होते. वॉर्डात सौम्यतेत माझा हात कोणी धरला नसता. घरी आल्यावर तीच सौम्यता कुठे जायची देव जाणे. आमचे हे एकदा शांतपणे म्हणाले, “वॉर्डातली थोडी उरली तर डब्यातून घरी आणत जा.”

नर्सच्या भाषेत सांगते. खोल जखम असली की तिचं तोंड लगेच मिटू द्यायचं नसतं. आत गॉज भरून ठेवायचा, रोज काढायचा, धुवायचं, पुन्हा भरायचा. जखम तळापासून वर भरत आली पाहिजे. वरची कातडी आधी जुळली तर बघणाऱ्याला बरं वाटतं, पण आत पू साठतो. माझा चांगुलपणा बरीच वर्षं त्या वरच्या कातडीसारखा होता. आणि रोजचं ड्रेसिंग दुखतं, हेही खरं.

माझं ड्रेसिंग एका बीपीच्या मशीनने झालं. वॉर्डातलं बीपी अ‍ॅपरेटस हरवलं. इन्चार्ज म्हणून जबाबदारी माझी. आदल्या रात्री ड्युटीवर असलेल्या मावशींना मी सकाळी सगळ्यांसमोर उभं केलं. खाटांवरचे पेशंट, त्यांचे नातेवाईक, शिकाऊ मुली, सगळे बघत होते. ‘चोरी’ हा शब्द मी वापरला नाही, पण वापरायचा काय शिल्लक ठेवला होता? मावशी साताऱ्याकडच्या, गळ्यात माळ, वीस वर्षांची नोकरी. त्या फक्त म्हणाल्या, “सिस्टर, पिशवी बघा माझी.” आणि मी बघितली. हे लिहिताना आजही मला शरम वाटते.

दोन दिवसांनी मशीन शेजारच्या वॉर्डात सापडलं. त्यांच्या वहीत ‘उसनं घेतलं’ अशी नोंद होती आणि खाली सही माझी.

एवढ्या स्वच्छ पुराव्यानंतर माणसाने काय करावं? मी मशीन गुपचूप जागेवर ठेवलं आणि मावशींशी जरा जास्त गोड बोलायला लागले. एकदा चहा पाजला. मनाला म्हटलं, भरपाई झाली. मग रविवार आला. त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं वाचन होतं: अर्पण वेदीपाशी आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. पाळकांना माझं काही माहीत नव्हतं. भाकरीचं ताट माझ्या बाकाशी आलं आणि मी ते पुढे सरकवलं. शेजारणीने चमकून बघितलं. आमच्याकडे बाई ताट पुढे सरकवते म्हणजे काहीतरी मोठं असणार, असं समजतात. होतंच.

सोमवारी जाऊन कानात माफी मागता आली असती. पण अपमान वॉर्डभर केला होता. बायबलमधल्या जक्कया नावाच्या जकातदाराने ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देतो म्हटलं होतं, मला एकपट द्यायला काय हरकत होती? सकाळी ओव्हर देण्याच्या वेळी दोन्ही शिफ्टचा स्टाफ असतो. तेव्हा म्हटलं, “त्या दिवशी मी मावशींवर जे ठेवलं ते खोटं होतं. मशीन मी दिलं होतं आणि विसरले होते. मावशी, माझी चूक झाली.” आवाज बारीक झाला होता. मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “सिस्टर, सात नंबरचा डबा आलाय का बघते.” आणि गेल्या. शिकाऊ मुलींना कुठे बघावं कळेना. शहाणी म्हणून नाव कमावलं होतं, ते त्या आठवड्यात बरंच उतरलं.

मला वाटलं विषय संपला. साधारण वर्षाने नाईटला, पहाटे तीनच्या सुमारास, आम्ही दोघी टेबलापाशी कापसाचे बोळे करत बसलो होतो. मावशींनी एकदम विचारलं, “सिस्टर, त्या दिवशी माफी मागायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? मोठ्या मॅडमनी?”

बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात एक सूचना आहे. तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण ते सौम्यतेने आणि भीडस्तपणाने द्या. भीडस्तपणाने! किती नेमका मराठी शब्द. दादरच्या पुलावर मला तो कधीच आठवला नव्हता. मावशींना मी सांगितलं. ताटाचं सांगितलं, वाचनाचं सांगितलं, माझ्या मनाची चोरी सांगितली, आणि ज्याच्याकडून मला क्षमा मिळते असा माझा विश्वास आहे त्या येशूबद्दल सांगितलं. दहा मिनिटं लागली असतील. त्या बोळे करत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आमचे तुकोबाही मन साफ करायलाच सांगतात.” मी म्हटलं, खरं आहे. आमचे नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मावशी हसून म्हणाल्या, “मग आमचा पूल चांगला मजबूत दिसतोय.”

टिळकांचा उल्लेख निघालाच आहे तर एवढं सांगते. १८९३ साली ते आगगाडीने राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरा प्रवासी होता. त्याने टिळकांना अदबीने जागा करून दिली असं सांगतात. मग गप्पा झाल्या, त्याने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ला टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. आमच्याकडे ही गोष्ट सांगताना सगळे त्या पुस्तकावर भर देतात. मी चौथ्या सीटवर भांडलेली बाई, मला आधी ती करून दिलेली जागा दिसते.

एक गोष्ट मात्र चर्चमधल्यांनाही स्पष्ट सांगते. स्वभाव चांगला असणं म्हणजेच साक्ष, असं म्हणाल तर आपण हरू. आमच्या वॉर्डात एक मुसलमान वॉर्डबॉय होता, मी त्याचा आवाज चढलेला कधी ऐकला नाही. हेडक्लार्क बाई कट्टर नास्तिक, आणि कुणाच्याही बिलासाठी दिवसभर धावायच्या. या दोघांपुढे माझा राग घेऊन मी कुठल्या तोंडाने उभी राहणार? माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं, की मी चुकते आणि मला परत उभं केलं जातं. ते सांगायला चूक कबूल करावी लागते, आणि तिथेच आपली सुवार्ता अडते. जिभेवर ‘प्रभूची स्तुती’ पटकन येते, ‘माझं चुकलं’ येत नाही.

तर आकडा. वॉर्डात शून्य, दादरच्या पुलावर माहीत नाही, टेबलापाशी एक. आणि त्या एक मावशी ख्रिस्ती झाल्या नाहीत. गुडघे दुखायला लागेपर्यंत दरवर्षी वारीला गेल्या. आमची मैत्री मात्र राहिली, आणि माझ्या तोंडावर त्यांचा पहारा बसला. मी कुणावर चढायला लागले की त्या लांबून नुसतं खाकरायच्या.

प्रसाद हा आमच्याकडे अवघड विषय आहे. कोणी घेतात, कोणी घेत नाहीत, दोघांकडेही वचनं तयार असतात. मी घेत नसे, आणि कोणी दिला की ‘नंतर खाते’ म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवायची. मला वाटायचं, कोणाच्या लक्षात येत नाही. टेबलापाशी बोलणं झालं त्याच्या पुढच्या आषाढीनंतर मावशी पंढरपूरहून आल्या आणि सगळ्यांना चुरमुरे-बत्तासे वाटत माझ्यापाशी आल्या. माझ्यासाठी त्यांनी पिशवीच्या तळातून वेगळी पुडी काढली, कागदाला लाल दोरा बांधलेली.

“ही देवापुढे ठेवलेली नाही, सिस्टर,” त्या हळूच म्हणाल्या. “दुकानातून घेतली तशीच बाजूला काढली. तुम्ही खा.”