कॉम्प्रेसर नसलेला फ्रिज

रास्ता पेठेत माझं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. "फ्रिज थंड होत नाही" एवढं गिऱ्हाईक बोललं की निम्मं दुखणं मला फोनवरच कळतं, असा माझा समज होता.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी बावधनहून फोन आला. आवाज वयस्कर, शब्द मोजूनमापून. "फ्रिज लाइटवर बरा चालतो, गॅसवर अजिबात नाही."

मी सवयीनं म्हटलं, "काका, गॅस भरावा लागेल."

"सिलिंडर कालच भरून आणलाय," काका म्हणाले.

मी दोन सेकंद गप्प. मग उलगडा झाला. काकांनी निवृत्तीनंतर मिनीबसच्या सांगाड्यावर कॅरॅव्हॅन बांधून घेतली होती आणि बांधणाऱ्यानं तिच्यात परदेशातून आलेला जुना फ्रिज बसवला होता. घरी 230 व्होल्टवर, प्रवासात गाडीच्या 12 व्होल्टवर आणि मुक्कामी एलपीजीवर चालणारा. असा फ्रिज असतो हे ऐकून माहीत होतं, हात कधी लावला नव्हता. पण कामाला नाही म्हणायची जीभ कुठे आहे!

बंगल्याच्या उतारावर गाडी उभी होती. बाहेरून खालची जाळी काढली आणि कॉम्प्रेसर शोधायला लागलो. कॉम्प्रेसरच नाही. नुसत्या वळणावळणाच्या जाड नळ्या, खाली छोटा बर्नर आणि त्यावर उभी चिमणी. गेज आणि गॅसची टाकी गपचूप बॅगेत परत ठेवली आणि गेटबाहेर जाऊन वस्तादांना फोन लावला. त्यांची उमेद रॉकेलवरच्या फ्रिजांत गेलेली. खाली वात पेटलेली आणि वर बर्फ, असे फ्रिज वीज नसलेल्या दवाखान्यांत, डाकबंगल्यांत असत. ते हसले. "तोच आहे रे. रॉकेलच्या जागी गॅस. आधी पाणसळ लाव. मग ज्योत बघ. आणि धूर कुठं जातो ते बघ."

याची गंमत अशी की थंड करण्यासाठी आच लागते. पाण्यात विरघळलेला अमोनिया खालच्या आचेवर उकळून निघतो, वरच्या पट्ट्यांत निवून त्याचा द्रव होतो, मग आत हायड्रोजनच्या संगतीत त्याची पुन्हा वाफ होताना तो डब्यातली उष्णता ओढून घेतो आणि शेवटी पाण्यात विरघळून खाली येतो. मोटर नाही, पंप नाही, आवाज नाही. 1922 साली स्वीडनमधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी हे जमवलं, असं रात्री वाचलं. आमच्या आयटीआयच्या पुस्तकात एक पान होतं यावर. परीक्षेला येत नाही म्हणून सोडलेलं.

पंप नाही म्हणजे सगळं उतारानं वाहतं. गाडीच तिरकी असेल तर द्रव नळीत अडून बसतो आणि खाली बॉयलर नुसताच तापतो. फार दिवस असं चाललं तर युनिट कायमचं जातं. फ्रीझरमध्ये पाणसळ ठेवली तर बुडबुडा पार एका टोकाला. खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून काकांनी गाडी वर घेतली, बुडबुडा मधे आला.

प्रवासात थंड होत नाही, हीही तक्रार होती. ते कारण सरळ होतं. 12 व्होल्टचा हीटर दहा अँपिअरच्या आसपास ओढतो आणि बांधणाऱ्यानं बल्बाला लावतात तसली वायर टाकलेली. फ्रिजपाशी 10 व्होल्ट भरले. व्होल्टेज एवढं पडलं की उष्णता सत्तर टक्क्यांवर येते. जाड वायर लिहून दिली आणि पुढे गेलो.

मग ज्योत. नॉब दाबून पेटवली आणि खाली वाकून बघतो तर चुलीसारखी पिवळी, लवलवती. गॅसची ज्योत निळी पाहिजे. पिवळी म्हणजे हवा कमी पडतेय, गॅस अर्धवट जळतोय. सिलिंडर बंद करून बर्नर सोडवला. हवा आत घ्यायच्या भोकात कुंभारमाशीनं घर केलं होतं. चांगलं लिंपून, सुबक. आत वाळलेली अळीसुद्धा. वरून चिमणीतले गंजाचे पापुद्रे पडून अर्धा बर्नर बुजलेला.

काकू आतून स्टोव्हची पिन घेऊन आल्या. आमच्याकडे अजून जपून ठेवलीय, म्हणाल्या. मी हात जोडले. गॅस ज्यातून बर्नरमध्ये सुटतो त्या जेटचं भोक केसाएवढं असतं. पिन घातली की ते मोठं होतं आणि मग कायमची पिवळी ज्योत. जेट स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला, तोंडानं फुंकला, बर्नर ब्रशनं साफ केला. रेग्युलेटर ठीक होता. नारंगी पाइपावरची तारीख मात्र पाच वर्षांच्या पलीकडे गेलेली, पाइप बदलला आणि प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बघितला. कुठे फुगा नाही. पुन्हा पेटवलं तर टोकदार निळी ज्योत, हलका घोंघाट. मुद्दाम ती विझवली, अर्ध्या मिनिटात टक् आवाज होऊन व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला. म्हणजे ज्योतीची आच ओळखणारं थर्मोकपल शाबूत. मला माझंच कौतुक वाटलं.

चिमणी वरून साफ करायची तर वरची जाळी काढायला हवी होती. तिचे स्क्रू गंजलेले, दोन घासले. बाहेरून जाळीच्या फटी मोकळ्या दिसत होत्या. म्हटलं, नंतर कधीतरी.

या फ्रिजला थंड व्हायला काही तास लागतात, म्हणून चहाबरोबर गप्पा झाल्या. काका गॅसवरच फ्रिज ठेवून गाडी चालवायचे, हे कळल्यावर मी कप खाली ठेवला. "पेट्रोल पंपावर आत ज्योत जळत असते काका! निघताना सिलिंडर बंद म्हणजे बंद." त्यांनी मान डोलावली. काकू महाबळेश्वरचं सांगत होत्या. थंडी काय, स्ट्रॉबेरी काय. "पण सकाळी डोकं असं जड व्हायचं ना! उंचीमुळे असेल." मी हो म्हटलं. चौथीतला नातू आज रात्री गाडीतच झोपणार म्हणून उड्या मारत होता. साडेचारला फ्रीझरची पट्टी बोटाला गार लागली, पैसे घेतले, निघालो.

पौड फाट्याच्या सिग्नलला गाडी थांबली आणि काकूंचं ते वाक्य पुन्हा ऐकू आल्यासारखं झालं. महाबळेश्वर साडेतेरा-चौदाशे मीटर. एवढ्यानं कुणाचं डोकं दुखतं? पिवळी ज्योत, काजळी, थंडीत बंद खिडक्या आणि सकाळी जड डोकं. वस्तादांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या, मी दोन केल्या होत्या. सिग्नल सुटल्यावर मागचे हॉर्न वाजवत राहिले. आधी काकांना फोन केला, "फ्रिज लगेच लाइटवर घ्या, सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा," आणि यू-टर्न घेतला.

घासलेले स्क्रू ड्रिलनं पाडायच्या आधी काकूंकडून देवघरातली उदबत्ती मागून घेतली. सिलिंडर बंदच होता, लाइटवर मागची बाजू गरम होती. पेटती उदबत्ती खालच्या जाळीतून आत धरली आणि नातवाला गाडीत बघायला सांगितलं, धूर दिसतो का. वरच्या जाळीतून बाहेर काहीच येईना. आतून पोराचा आवाज आला, "आजोबा, तुमच्या गादीखालून येतोय!"

वरची जाळी काढली. तिच्या मागे आतून अ‍ॅक्रिलिकची शीट, चारी बाजूंनी सिलिकॉन भरलेलं. बाहेरून दिसायचा प्रश्नच नाही. काका खालच्या आवाजात म्हणाले, "जुलैत ताम्हिणीला गेलो होतो. पाऊस आत यायचा म्हणून मीच लावली." फ्रिजच्या कडेनं गाडीच्या आतल्या बाजूला जी फट बंद असायला हवी, ती बांधणाऱ्यानं बंदच केली नव्हती. जळलेल्या गॅसला दुसरी वाट नव्हती. शीट हातात घेतली तर फ्रिजकडची बाजू काळीकुट्ट. काकूंनी तिच्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पण गॅसचा वास कधीच आला नाही हो," काका म्हणाले.

वास घातलेला असतो तो न जळलेल्या गॅसला. तो गळला तर हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत साचतो, नाकाला कळतो, मग दिव्याचं बटणसुद्धा न दाबता बाहेर पडायचं आणि गॅसगळतीच्या 1906 या मदत क्रमांकाला फोन करायचा. अर्धवट जळाल्यावर होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. बाथरूममधल्या गॅस गीझरच्या ज्या बातम्या येतात, त्यात हाच असतो.

त्या संध्याकाळी शीट फेकली, चिमणी वरून घासली तर मूठभर काजळी निघाली. आतली फट पत्रा आणि उष्णता सोसणाऱ्या सीलंटनं भरली. काजळीनं माखलेल्या हातानं पुन्हा उदबत्ती धरली. धूर सरळ वरच्या जाळीतून बाहेर गेला. तरी मी सांगितलं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत लागेपर्यंत आत झोपून गॅसवर काही चालवायचं नाही. नातवाला घरात झोपवलं म्हणून तो माझ्याशी बोलला नाही.

परतीच्या खेपेचे पैसे काका देत होते. घेतले नाहीत. कारण विचारलं, तेव्हा म्हटलं, काम अर्धं राहिलं होतं.

रात्री वस्तादांचा फोन आला. चालू झाला का फ्रिज, ज्योत निळी आली का, सगळं विचारलं. मग म्हणाले, "आणि धूर कुठं जातो ते बघितलंस ना?"

"बघितलं," मी म्हटलं. कधी बघितलं, ते सांगितलं नाही.