दोन महिन्यांचा बर्फ आणि आशियाई कांस्य

जानेवारीत लेहला निघालेय म्हटल्यावर जो तो विचारायचा, "चादर ट्रेकला, त्या गोठलेल्या नदीवरून चालायला का?" मी सांगायचे, आइस हॉकी बघायला, आणि त्यातही मुलींची. मग पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: "आपल्याकडे मुलींचा आइस हॉकीचा संघ आहे?"

आहे. नुसता आहे असं नाही, त्याने जून 2025मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल-ऐनला झालेल्या महिला आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. भारतीय महिला संघाचं हे पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. संघातल्या जवळजवळ सगळ्या मुली लडाखच्या, काही हिमाचलातल्या स्पितीच्या. मी ती बातमी वाचली तेव्हा ती जेमतेम चार ओळींची होती आणि त्या चार ओळींनी माझं समाधान झालं नाही. या मुली खेळायला शिकल्या कुठे, बर्फ आणला कुठून, हे प्रत्यक्ष बघायचं मनात पक्कं बसलं.

दिल्लीहून पहाटेचं विमान घेतलं. हिवाळ्यात श्रीनगर आणि मनाली या दोन्ही बाजूंच्या रस्त्यांचा भरवसा नसतो, त्यामुळे विमानाला पर्याय नाही. लेहची उंची साडेतीन हजार मीटर. सुरुवातीला काही न करता पडून राहायचं, पाणी पीत राहायचं, जिना चढतानाही घाई करायची नाही. होमस्टेच्या आमा-लेंनी, म्हणजे घरच्या आईंनी, बुखारीजवळची, शेगडीजवळची जागा मला देऊन टाकली, लोणी-मिठाचा चहा पुढे केला आणि बाहेर जाऊ नको असं बजावलं. नळ गोठलेले, अंघोळीला बादलीत कोमट पाणी, तेही मोजून. त्या घरात कुणी पाण्याचा थेंब सांडत नव्हतं. अशा गावात पाणी ओतून मैदान तयार करायचं म्हणजे काय, याचा अंदाज मला तिथेच आला.

कर्झूचा तलाव गावाच्या वरच्या अंगाला आहे. पूर्वी लेहमधली हॉकी म्हणजे मुख्यतः हाच तलाव. मी पहिल्यांदा तिथे गेले ती रात्री, कारण रिंक, म्हणजे खेळायचं बर्फाचं मैदान, रात्री घडते. दिवसभर स्केटच्या पात्यांनी ओरखडलेला बर्फ आधी फावड्याने खरवडतात, भुगा झाडूने कडेला लोटतात, आणि पारा चांगला खाली उतरला की नळीने पाणी सोडतात. अंगण सारवताना हात फिरतो तसा नळी धरलेला माणूस मागे मागे सरकत जातो, पातळ थर देतो, थांबतो, तो थर धरला की पुढचा. जाड थर एकदम दिला तर वरची साय गोठते, खाली हवा राहते आणि दुसऱ्या दिवशी पातं आत घुसून कुणाचा तरी घोटा मुरगळतो. हे मला तिथे पाणी मारणाऱ्या एका मुलाने समजावलं. बोलताना त्याचं लक्ष सतत नळीकडे होतं, कारण हात थांबला तर नळीतलंच पाणी गोठतं.

एवढं करून हा बर्फ टिकतो किती? डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे कसाबसा दोन महिने. त्यातही ऊन चढलं की वरचा थर मऊ पडतो, म्हणून खेळायचं सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी. आणि इतकी वर्षं या दोन महिन्यांतला चांगला वेळ पुरुषांच्या संघांना जायचा. मुलींच्या वाट्याला उरलेला वेळ आणि उरलेला बर्फ यायचा. भावाचे स्केट मागून घ्यायचे, एकीने उतरवले की दुसरीने चढवायचे. लडाखमध्ये हा खेळ आधी सैन्यातल्या जवानांनी आणि मग गावातल्या मुलांनी रुजवला. मुलींना त्यात जागा मिळाली ती मुलींनीच सोडली नाही म्हणून.

संघाचा आंतरराष्ट्रीय इतिहास हा बर्फ डोळ्यांसमोर ठेवूनच वाचायला हवा. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघात भारत 1989 साली दाखल झाला, पण महिला संघ पहिला सामना खेळला तो 2016च्या मार्चमध्ये, तैपेईला झालेल्या आशिया चॅलेंज चषकात. जायला पैसे नव्हते, ते लोकवर्गणीतून उभे राहिले. पहिला सामना सिंगापूरशी झाला, निकाल 1–8. त्या स्पर्धेत एकही सामना जिंकता आला नाही. नुसते आकडे पाहिले तर कुणीही म्हणेल की दुबळा संघ आहे. पण सिंगापूरला बर्फ पडत नाही, थायलंडला पडत नाही, मलेशिया आणि फिलिपिन्सला पडत नाही. तिथे मॉलमध्ये रिंक आहेत, बाराही महिने थंडगार. हिवाळाच नसलेल्या देशांतल्या मुली वर्षभर बर्फावर असतात आणि उणे वीसच्या गावातल्या मुली वर्षातले दहा महिने बर्फाविना. ही विसंगती जोवर लक्षात घेत नाही तोवर 1–8चा अर्थ लागत नाही.

कर्झूच्या कडेला बाकावर बसून बूट बांधणाऱ्या एका खेळाडूने मला आणखी खोलात नेलं. ती मला 'आचे', म्हणजे ताई, म्हणत होती, हिंदीत बोलत होती. बंदिस्त रिंकचा बर्फ कडक आणि गुळगुळीत असतो, पातं अपेक्षेपेक्षा पुढे पळतं, थांबायला जास्त जोर लागतो. शिवाय तिथे चारी बाजूंनी उंच बोर्ड आणि वर काच. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, बोर्डावर आपटून कुठल्या कोनात परत येणार, याचा अंदाज हा खेळाचा अर्धा भाग. ज्या रिंकला कडेला कमी उंचीच्या फळ्याच आहेत, तिथे हा अंदाज शिकणार कसा? ती हे सांगत असताना हातमोजा काढून उघड्या बोटांनी नाडी आवळत होती. मोज्याने नाडी नीट ताणली जात नाही, आणि बूट सैल राहिला तर घोट्याला आधार नाही. बोटं लालभडक झाली की ती काखेत धरायची, मग पुन्हा एक ओळ आवळायची. स्टिकच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, झिजलेल्या पट्टीवरच नवी चढवलेली. खांद्याचं कवच एका परदेशी मुलीचं जुनं होतं, आतल्या बाजूला तिचं नाव अजून पुसट दिसत होतं.

2017च्या मार्चमध्ये बँकॉकला मात्र चित्र पालटलं. फिलिपिन्सवर 4–3 असा विजय, संघाचा पहिलावहिला. त्याच स्पर्धेत मलेशियालाही हरवलं. तैपेईच्या पराभवाला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षातला नैसर्गिक बर्फाचा हंगाम एकच! मला विचाराल तर या संघाच्या साऱ्या वाटचालीत हा निकाल सर्वांत मोठा आहे, कांस्यपदकाहूनही. पदकापर्यंत पोचताना थोड्या सोयी हाताशी आल्या होत्या, बँकॉकला निघताना काहीच नव्हतं.

त्या पहिल्या पिढीतली गोलकीपर नूर जहाँ. नुब्रा खोऱ्यातली ही मुलगी कलावस्तूंच्या जतनाचं शिक्षण घेऊन आली आणि वजीदा तबस्सुम या तिच्या संघातल्या सोबतिणीबरोबर जुनी भित्तिचित्रं आणि थंका, म्हणजे कापडावरची बौद्ध चित्रं, दुरुस्त करण्याचं काम लडाखमध्ये करते. दिवसा शतकांपूर्वीच्या रंगावरची काजळी अलगद उतरवायची आणि संध्याकाळी अंगावर येणारा पक अडवायचा. पक म्हणजे इंचभर जाडीची कडक रबरी चकती, वजन सुमारे 170 ग्रॅम. बोर्डावर आदळल्याचा आवाज मी जवळून ऐकला आहे, तो ऐकून मी आपोआप मागे झाले.

2018च्या जानेवारीत कॅनडाची आइस हॉकीपटू हेली विकेनहायजर लेहला आली होती, जिच्या नावावर चार ऑलिंपिक सुवर्णपदकं आहेत. ती इथे मुलींबरोबर खेळली, साहित्य आणलं, आणि त्याच वर्षी लडाखच्या मुली तिच्या स्पर्धेसाठी कॅनडात कॅलगरीला जाऊन आल्या. गावात अजून लोक ते कौतुकाने सांगतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते मुलींनी पुढे स्वतः चालवलेलं काम: गावोगावी शिबिरं घ्यायची, लहान मुलींना स्केटवर उभं करायचं, घरच्यांशी बोलून त्यांना खेळू द्यायला लावायचं. इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाच्या महिला संघामुळे काहींना नोकरीही मिळाली. खेळायचं की कमवायचं, हा प्रश्न निदान त्यांच्यापुरता सुटला.

लेहच्या एनडीएस स्टेडियमवर आता कृत्रिम रिंक आहे. 2024पासून खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेतले आइस हॉकीचे सामने लेहला होतात, ते इथे आणि गुपुक्सच्या तलावावर. कर्झूवरून थेट इथे आल्यावर फरक पायांखाली नाही तर कानांना कळतो. इथे पात्यांचा आवाज एकसारखा, धारदार येतो, कुठे खरखर नाही.

इथेच मी मुलींचा एक स्थानिक सामना बघितला. एका वेळी पाच जणी आणि एक गोलकीपर. मिनिटभर जीव तोडून पळायचं, मग बोर्डावरून उडी मारून आत, आणि ताज्या पाच बाहेर. खेळ थांबत नाही, अदलाबदल चालू खेळातच होते. या उंचीवर मी साध्या पायऱ्या चढताना धापा टाकत होते आणि या मुली मिनिटामागून मिनिट पळत होत्या. माझ्या बाजूला थर्मास घेऊन बसलेल्या आजी प्रत्येक गोलरक्षणाला मांडीवर थाप मारायच्या. त्यांची नात राखीव खेळाडूंत होती. दुसऱ्या सत्रात ती उतरली, पहिल्याच धावेत पडली, उठली आणि पक हिसकावून घेतला. आजींनी थर्मास माझ्या हातात कोंबला आणि उभ्या राहिल्या.

अल-ऐनच्या पदकाचं मोल मी वाढवून सांगणार नाही. जपान, चीन, दक्षिण कोरिया, कझाकस्तान हे आशियातले बलाढ्य संघ जागतिक स्पर्धेच्या गटांत खेळतात, ते या चषकात नसतात. भारतीय महिला अजून जागतिक स्पर्धेत उतरलेल्या नाहीत. तिथवर जायचं तर बारमाही, बंदिस्त, पूर्ण मापाची रिंक हवी, आणि ती खेळाडूंच्या घराजवळ हवी. डेहराडूनला 2011 साली अशी रिंक उभी राहिली आणि मग कितीतरी वर्षं बंद पडून राहिली, याची मला खरोखर चीड येते. त्या वर्षांत या मुली नळीने पाणी मारत होत्या. लेहची कृत्रिम रिंक बारमाही चालावी, यासाठी जे करावं लागेल ते सरकारने करावं, एवढी रास्त मागणी दुसरी नसेल.

जाणार असाल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा उत्तम. तेव्हा बर्फ पक्का असतो आणि सामने भरपूर. मला कुठेच तिकीट लागलं नाही. बसायला जाड घोंगडी किंवा चटई न्या, सिमेंटच्या पायऱ्यांवर बसवत नाही. फोन आतल्या खिशात ठेवा, बॅटरी थंडीत पटकन बसते. आणि सामन्याची वेळ आदल्या संध्याकाळी पुन्हा विचारून घ्या. तलावावरचा सामना असेल तर उन्हाप्रमाणे तो मागेपुढे होतो.