अठराशेची

मला अशी सायकल हवी होती, जिच्याकडे कोणी वळून बघणार नाही.

मुलुंडहून विक्रोळी म्हणजे लोकलचं चौथं स्टेशन. विरारच्या माणसाला ही व्यथा सांगितली तर तो मला चहा पाजून परत पाठवेल. पण घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षा, तिचं किमान भाडं २६ रुपये, आणि तेवढ्यासाठी मान हलवून नकार देणारे चार रिक्षावाले. मग गाडीत शिरताच उतरण्याची तयारी. त्यापेक्षा सात-आठ किलोमीटर सायकल मारावी असं चाळिशी उलटल्यावर एका सकाळी वाटलं. भाच्याने मोबाइलवर गिअरच्या सायकली दाखवल्या. पंचवीस हजार, तीस हजार. आमच्याच इमारतीत एकाने तशी घेतली होती. आठवड्याने खाली ग्रिलला साखळी, कुलूप आणि पुढचं चाक एवढंच शिल्लक होतं. कुलूप मात्र शाबूत होतं.

म्हणून जुनी. भांडुपला पत्र्याखाली एक सायकलवाला बसतो, त्याच्याकडे दुरुस्त करून विकायच्या सायकली भिंतीला टेकून उभ्या असतात. त्यात एक काळी ॲटलस होती. हे नाव ऐकून आत काहीतरी हललं. १९५१ साली सोनिपतला सुरू झालेली ही कंपनी. तिचा साहिबाबादचा शेवटचा चालू कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० ला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी. असला मुहूर्त ठरवूनही साधत नाही.

सायकलवाल्याने मागचं चाक उचलून गरकन फिरवलं. चाक लाटेसारखं डुललं. "थोडा आऊट आहे, काढून देतो," तो म्हणाला. बावीसशे सांगितले, मी पंधराशेवर अडलो, अठराशेला सौदा ठरला. छर्रे, ब्रेकची रबरं, मागची ट्यूब यांचे पैसे वेगळे, हे सौदा ठरल्यानंतर कळलं. तरी घरी येताना मी जिंकलेल्या माणसासारखा आलो.

जुनी सायकल एकटी येत नाही. डावं पायडल घासून गुळगुळीत झालं होतं, उजवं तसं धड. सीट जराशी उजवीकडे वळलेली. कॅरिअर दोन्ही बाजूंनी सारखाच खाली वाकलेला, म्हणजे दोन्हीकडे काहीतरी जड लटकत असणार. आधीचा मालक दूधवाला होता, असं मी ठरवून टाकलं. पहिला आठवडा त्याच्याच बेताने पाय मारले. सीट सरळ केली तरी चार दिवसांत ती पुन्हा उजवीकडे वळे.

रस्त्याबद्दल फार सांगत नाही. एलबीएस म्हणजे लाल बहादूर शास्त्री मार्गावर मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि बसची डावी बाजू यांच्यात जी फट उरते, तिला सायकल ट्रॅक म्हणायचं. खरा ट्रॅक वांद्रे-कुर्ला संकुलात केला होता. त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. सी लिंकवर सायकलला मज्जाव आहे, ईस्टर्न फ्रीवेवरही. मला तिकडे कधी जायचंच नव्हतं, तरी वाईट वाटलं.

आणि माझी अट? ती अगदी पुरेपूर पाळली गेली. सायकलकडे कोणीच बघेना. पण मग माझ्याकडेही बघेना. ऑफिसच्या गेटवर सिक्युरिटीने मान वर न करता सांगितलं, "डिलिव्हरी पीछे से." माझ्या मागून ठाण्याहून येणारा आमचाच एक सहकारी, हेल्मेट, हातमोजे, चकचकीत गिअरची सायकल. त्याला "गुड मॉर्निंग सर". मी आयकार्ड काढलं तेव्हा सिक्युरिटीला माझ्यापेक्षा जास्त ओशाळं वाटलं, आणि त्याचं मलाच वाईट वाटलं. सोसायटीत बेवारस सायकली हलवण्याची नोटीस लागली, तर दुसऱ्या दिवशी माझ्या मडगार्डवर खडूची फुली. ज्यांना ती सायकल माझी आहे हे ठाऊक होतं, ते फक्त काळजीने विचारत, "डॉक्टरांनी सांगितलंय वाटतं?" मुंबईत मोठा माणूस सायकलवर दिसला की एक तर शुगर, नाही तर कर्जाचे हप्ते, तिसरं कारण लोकांना सुचत नाही. मी शुगरला हो म्हणू लागलो. लोकांचं समाधान होतं.

खडूची फुली पुसली त्याच संध्याकाळी मी एक कुलूप आणलं. साडेसहाशेचं. चोर ढुंकून बघणार नाही म्हणून घेतलेल्या सायकलला.

परवा सकाळी शेजारच्या इमारतीखाली एक डबेवाला हँडलला डबे अडकवत होता. मी बाजूने निघालो तर म्हणाला, "थांबा जरा." माझं पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून त्याने हँडल हलवलं, ब्रेक दाबून पाहिला, टायरवर अंगठा रोवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी तिच्याकडे नीट बघत होतं.

"केवढ्याला घेतली?"

"अठराशे."

"पुढच्या चाकाचा चिमटा बदललाय हिचा. दुसऱ्या सायकलचा बसवलाय." त्याने शेवटचा डबा अडकवला, टोपी सारखी केली. "जास्त दिलंत, साहेब."

कुलुपाचं त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.