रविवार, सव्वाआठ, कोलोन

"आत्या, आवर लवकर! आठच्या आत पोचलो नाही तर उभ्याने बघावं लागेल." भाचीच्या घाईपुढे माझ्या दुखऱ्या पायांचं काही चाललं नाही. दिवसभर ऱ्हाईनचा काठ पालथा घालून झाला होता. तिच्या गल्लीतल्या छोट्याशा पबमध्ये शिरलो तेव्हा खरोखरच भिंतीकडचं एकच बाकडं रिकामं होतं.

दर रविवारी रात्री ८.१५ ला जर्मनीत 'टाटओर्ट' लागतं. टाटओर्ट म्हणजे घटनास्थळ. २९ नोव्हेंबर १९७० ला सुरू झालेली ही गुन्हेकथांची मालिका. साधारण दीड तासाची गोष्ट, बहुतेक वेळा त्याच रात्री संपणारी. पण मला भारी वाटलं ते वेगळंच. ती दाखवणारी एआरडी म्हणजे नऊ प्रादेशिक सार्वजनिक प्रसारण संस्थांनी मिळून उभं केलेलं जाळं. प्रत्येक संस्था आपल्या भागातली शहरं आणि आपले पोलीस घेऊन गोष्टी रचते. म्हणून म्युन्स्टरचा खून म्युन्स्टरमध्येच होतो, ड्रेस्डेनचा ड्रेस्डेनमध्ये. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडही यात सामील आहेत. कोलोनची बालाउफ आणि शेंक ही पोलिसांची जोडी १९९७ साली आली. ऱ्हाईनकाठच्या गाडीवर सॉसेज खात दोघं उभे, मागे कॅथेड्रलचे जुळे मनोरे, हे दृश्य इथल्या लोकांना तोंडपाठ आहे.

त्या रात्री नेमकी कोलोनचीच गोष्ट होती. आठच्या बातम्या संपेपर्यंत नुसता कलकलाट. वेटर क्योल्श बिअरचे उभे, बारीक पेले ठेवत होता आणि दर पेल्यामागे खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ मारत होता. सव्वाआठला पडद्यावर दोन डोळे आले, भोवती नेमबाजीची वर्तुळं, क्लाउस डोल्डिंगरचं ते संगीत, आणि सगळा पब चिडीचूप. मी सफरचंदाचा रस घेऊन बसले होते, भाची कानात मराठीतून कुजबुजत होती. एकदा ती थांबली. पडद्यावर गाडी एक पूल ओलांडून वळली आणि सगळे खो-खो हसले. "त्या पुलावरून तिथे निघताच येत नाही," भाची म्हणाली. आपलं शहर इतक्या बारकाईने बघणारे प्रेक्षक मी पहिल्यांदाच पाहत होते.

मध्ये एकही जाहिरात नाही. सार्वजनिक वाहिन्यांना रात्री आठनंतर जाहिराती दाखवायला मनाई आहे. खर्च निघतो तो मुख्यतः घरटी महिना १८.३६ युरो वर्गणीतून. हे पैसे सार्थकी लागतात असं मला मनापासून वाटलं. गोष्टीत घाई नव्हती. मुलगा गेलेल्या आईच्या स्वयंपाकघरात कॅमेरा बराच वेळ नुसता थांबला होता. तिथे भाचीही काही बोलली नाही, आणि मला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रँकफुर्टच्या गाडीत समोरच्या दोन बायका तावातावाने बोलत होत्या. मला जर्मन येत नाही. पण 'शेंक' ऐकू आलं, आणि मी पुस्तक मिटून त्यांच्याकडे कान लावून बसले.