पहाटेचे थेंब

डिसेंबर संपत आला होता. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार, आम्ही त्यांना नाना म्हणतो, गाडी घेऊन नाशिकला अंबडच्या माझ्या गॅरेजवर आले. उतरल्या उतरल्या म्हणाले, "मिस्त्री, कूलंट जातंय कुठं, तेवढं सांगा. आठवड्याला अर्धा लिटर ओततोय. परवा मुंबईहून येताना कसारा घाटात काटा वर गेला, घरचे सगळे गाडीत होते." कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं हिरवं पाणी. दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं त्यांना हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) पॅकिंग, गेल्याचं सांगून हेड उतरवायची तयारी करायला लावली होती.

दुपारी मी रेडिएटरला प्रेशर टेस्टर, म्हणजे आत हवा भरून गळती दाखवणारा पंप, लावला. एक किलोचं प्रेशर अर्धा तास धरून ठेवलं, काटा जागचा हलला नाही. ऑइल स्वच्छ होतं, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे नव्हते. गॅस्केटचा संशय मनातून निघाला, पण पाणी तर कमी होतच होतं.

"नाना, कमी कधी होतं?"

"रात्री बागेतल्या शेडमध्ये उभी असते. सकाळी बाटली खाली गेलेली. आणि हे थंडी पडल्यापासनंच. पावसाळ्यात थेंब हलला नव्हता."

तिथं डोक्यात उजेड पडला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंशांखाली गेल्याची बातमी आली की निफाडकर द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात. ती थंडी अंबडमध्ये दुपारी दोन वाजता कुठून आणणार? गाडी घेऊन जा म्हटलं, रात्री इंजिनखाली द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा अंथरा आणि मी येईपर्यंत चावी लावू नका.

पहाटे साडेचारला टेस्टर पिशवीत टाकून निघालो. पोचलो तेव्हा बागेत धूर तरंगत होता. पुठ्ठ्यावर तीन हिरवे डाग पडलेले. टेस्टर लावून दोन-चार पंप मारले तशी रेडिएटरच्या खालच्या होजपाशी, म्हणजे रबरी पाइपपाशी, क्लिपच्या कडेनं, थेंबांची माळ सुरू झाली. मग टेस्टर काढून झाकण लावलं आणि इंजिन चालू केलं. थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर कूलंटला वाट देणारी झडप, उघडून खालचा होज गरम झाला तसे थेंब थांबले. गॅरेजवर चोर का सापडला नव्हता, ते आता कळलं.

टॉर्च जवळ नेला. स्क्रूची क्लिप होती, पट्टीचं जास्तीचं टोक कापून आत वाकवलेलं. असं टोक मीच वाकवतो. मार्चमध्ये वॉटर पंप बदलताना कंपनीची कानाची स्प्रिंग क्लिप काढून ही मीच लावली होती. नानांना तिथंच सांगितलं, ही चूक माझ्या हातची आहे, काम माझ्याकडून. ते जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चला, चहा घ्या आधी."

स्प्रिंग क्लिप आपण मिस्त्री लोक सगळेच टाकून देतो, कारण ती काढायला जीव जातो. साध्या पकडीतून कान सटकतात, क्लिप उडते. एकदा माझ्या भुवईवर बसली, तेव्हापासून चष्मा घातल्याशिवाय हात लावत नाही. पण तिचं काम समजून घ्या. इंजिन तापलं की होजचं रबर आणि तो जिच्यावर चढवतात ती नळी, दोन्ही फुगतात, क्लिप तेवढी उघडते. गार झालं की दोन्ही आकसतात आणि ही मागोमाग आवळत येते. स्क्रूची क्लिप जिथं आवळली तिथंच राहते. तापल्यावर रबर तिच्याखाली चेपतं आणि पहाटेच्या थंडीत सैल पडतं. पुन्हा आवळत गेलं तर पट्टीच्या खाचा रबर कापतात, नाहीतर रेडिएटरची प्लॅस्टिकची नळी तडकते. नानांच्या होजवर खाचांचे व्रण उमटलेलेच होते.

बाटली भरून गाडी गॅरेजवर आणली. नवा होज घेतला, कानावरचा मापाचा आकडा बघून नवी क्लिप घेतली. इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. जुना होज पिळून सैल केला. स्क्रू ड्रायव्हर खुपसला असता तर नळी गेली असती. नळी पुसली, आतून जरा कूलंट लावलं. तिथं ग्रीस किंवा ऑइल कधीच लावू नये, या रबराला ते फुगवतं. क्लिप आधी होजवर चढवली, लांब केबल असलेल्या क्लिपच्या पकडीनं कान दाबून लॉक केले, होज नळीच्या उंचवट्यापुढे पूर्ण सरकवला आणि क्लिप त्या उंचवट्यामागे आणून सोडली. कान खाली तिरपे ठेवले, म्हणजे पुढच्या माणसाची पकड पोचेल. मग कूलंटच्या वाटेतली हवा काढली, हीटर गरम येतोय ते बघितलं.

वरच्या होजलाही माझीच स्क्रूची क्लिप होती. तीही बदलली.

चौथ्या दिवशी सहा वाजता फोन वाजला. मागं शेकोटीचा तडतड आवाज येत होता. नाना म्हणाले, "मिस्त्री, आज लई गार आहे. पुठ्ठा कोरडा आहे."