साताऱ्याहून एका दिवसाची घाटफेरी आणि चामड्याचे चॅप्स

मामेभाऊ दिवाळीत अमेरिकेहून आला तेव्हा सगळ्यांना चॉकलेटं मिळाली आणि मला चामड्याचे चॅप्स. "तू बुलेट चालवतोस ना? मला आता हे कमरेत होत नाहीत," एवढंच म्हणाला. बायकोने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "मागचं कातडं कमी पडलं का?"

ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. चॅप्स म्हणजे पँट नव्हे. नेहमीच्या पँटवरून चढवायच्या या दोन चामडी नळ्या, वर कमरेच्या एकाच पट्ट्याला जोडलेल्या. पायाच्या बाहेरच्या अंगाने वरपासून खालपर्यंत चेन. मांडी, गुडघा, नडगी झाकली जाते, बैठक मात्र पूर्ण उघडी. मूळचा हा मेक्सिकोकडच्या घोडेस्वार गुराख्यांचा पेहराव. काटेरी झुडपांतून घोडा घालताना मांड्या फाटू नयेत म्हणून. आपल्याकडे माण-खटावच्या बाभळीतून कुणी रोज घोडा दामटला असता तर त्यानेही असंच काहीतरी शिवून घेतलं असतं. खोगिरावर बसलेल्या माणसाला मागून काटा लागत नाही, म्हणून मागे कातडं नाही. हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

लांबी जास्त होती. साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या मोच्याकडे नेले, त्याने मला सरळ उभं केलं, खूण केली आणि चार बोटं कातडं कापलं. घरी येऊन गाडीवर बसलो तर गुडघा वाकल्याबरोबर खालची कड घोट्याच्या वर! चॅप्स घेतलेत तर माप गाडीवर बसून, बूट घालून द्या. उभं राहिल्यावर टाचेशी थोडे लोळताहेत असं वाटलं तरच लांबी बरोबर आहे. मांडीचं मापही जाड जीन्सवरूनच घ्या.

जानेवारीतल्या एका रविवारी फेरी ठरली. सातारा, मेढा, केळघर घाटाने महाबळेश्वर, आंबेनळीने पोलादपूर, तिथून गोवा हायवेने चिपळूण, कुंभार्ली चढून पाटण आणि उंब्रजमार्गे परत. तीनशे किलोमीटरच्या आसपास. गारठा, कोकणचा उकाडा, तीन घाट आणि हायवे असं सगळं एकाच दिवसात मिळतं, म्हणून चॅप्स तपासायला याहून चांगला रस्ता नाही. सोबत शाळेपासूनचा मित्र, त्याला आम्ही मास्तर म्हणतो. त्याच्या अंगावर जाळीदार रायडिंग पँट, गुडघ्यावर आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना पॅड. दिसायला अगदी साधी, कुणी वळून बघणार नाही अशी. माझ्याकडे मात्र पोवई नाक्यावरचा चहावाला बघतच राहिला. "सर्कस आलीय व्हय साताऱ्यात?"

साडेपाचला निघालो. मेढ्यापर्यंत मिट्ट काळोख. केळघर मागे पडून घाट लागला आणि थंडी बोचायला लागली. वेण्णा तलावावर, लिंगमळ्यात हिमकण साचल्याचे फोटो दरवर्षी याच दिवसांत पेपरात येतात, त्यावरून अंदाज करा. जीन्समधून वारा सुईसारखा आत शिरतो आणि सगळ्यात आधी गुडघे बधिर होतात, हा माझा दर हिवाळ्यातला अनुभव. त्या दिवशी तसं काही झालं नाही. चामड्यातून वारा येतच नाही. माचुतरला थांबलो तेव्हा मास्तर जागच्या जागी उड्या मारत होता, कारण जाळीच्या पँटमध्ये घालायचं अस्तर तो घरी विसरला होता. मी आरामात उभा. तेवढ्या दीड तासासाठी मामेभावाला मनापासून दुवा दिला.

महाबळेश्वरच्या बाजारात न रेंगाळता सरळ आंबेनळी घाट धरला. या घाटाबद्दल दोनच गोष्टी. पावसाळ्यात इथे दरडी कोसळतात आणि रस्ता बंद होतो, तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये ही फेरी आखू नका. आणि उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायची सवय असेल तर ती महाबळेश्वरलाच सोडून या. वाडा कुंभरोशीला, प्रतापगडाच्या फाट्याजवळ, गरम भजी मिळाली. तिथून खाली उतरावं तशी हवा बदलत जाते. पोलादपूरला पोचेपर्यंत चॅप्सच्या आत घामाची धार लागली होती.

चॅप्सची खरी सोय इथे कळली. पट्टा सोडला, दोन्ही चेन ओढल्या, दोन मिनिटांत मोकळा. बूट काढायला नको, आडोसा शोधायला नको. गुंडाळी करून कॅरिअरला रबरी दोरीने बांधली. मास्तर काही बोलला नाही, पण पुढे हायवेला लागल्यावर माझंच मला उमगलं. दिवसभरातला सगळ्यात जास्त वेग इथे, ट्रक आणि एसट्या इथे, आणि पायाचं कातडं वाचवणारी वस्तू माझ्या पाठीमागे बांधलेली. मास्तरची पँट गरम झाली तरी अंगावरच होती, जाळीमुळे त्याला ती सोसत होती. जे ऊन वाढल्यावर काढून ठेवावंच लागतं, ते आपल्या हवेत वर्षातले किती दिवस अंगावर राहणार? सातारकर सर्वांत जास्त गाडी फिरवतो ती पावसात आणि कासच्या फुलांच्या दिवसांत. पावसात चामडं भिजून जड होतं, त्याचा रंग जीन्सला लागतो, नीट वाळलं नाही तर आठवड्यात बुरशी येते. म्हणजे वरून पुन्हा रेनकोटची पँट आलीच. उन्हाळ्याचं तर नावच नको. हिशेब केला तर उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या पहाटा.

चिपळूणला जेवलो. बाजारातल्या गर्दीत बुलेटचा सायलेन्सर उजव्या पोटरीशी धगधगत होता. तेव्हा चॅप्स अंगावर असते तर बरं झालं असतं, हेही प्रामाणिकपणे लिहितो. जुना एक शिक्का माझ्या पायावर अजून आहे.

पोफळीला घाट सुरू होण्याआधी मी चॅप्स परत चढवले. कुंभार्लीची वळणं, खडी आणि मालाचे ट्रक बघून जरा धाकच वाटला. हेळवाकला चहा घेतला, पाटणही सुखरूप गेलं. मल्हारपेठेतून कराडला न जाता उंब्रजचा रस्ता धरला, साताऱ्याला जायला तो सोयीचा.

हंगाम ऐन भरात होता. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या शेतातून थेट डांबरीवर येतात आणि चाकांना चिकटलेली काळी माती पहिल्या वळणापर्यंत रस्त्यावर सांडत जातात. वरून पाचट. त्यावर कुणी पाणी सांडलं असेल तर रस्ता नुसता शेवाळ. अशाच एका वळणावर, संध्याकाळी पाचच्या सुमारास, समोर ट्रॉली आडवी आली. मी पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला आणि गाडी उजवीकडे आडवी झाली. वेग तीस असेल नसेल. मी गाडीबरोबर चार-पाच फूट घसरलो.

"लागलं का ओ पावनं?" शेतातून दोघे धावत आले. गाडी उचलली, पाणी दिलं. माझ्या पायाकडे बघून त्यातला म्हातारा म्हणाला, "ह्ये काय घातलंयसा, बैलाची झूल?"

आता हिशेब ऐका. उजव्या नडगीवर आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला चामड्यावर तळहाताएवढा ओरखडा, पांढरा पडलेला. आतली जीन्स शाबूत, कातडी शाबूत. इथवर चामड्याने इमान राखलं. गुडघा मात्र डांबरावर आपटला तो आपटलाच, कारण माझ्या चॅप्समध्ये पॅड नावाची चीज नाही. घरी पोचेपर्यंत तो नारळाएवढा सुजला. आणि घसरताना भार आला होता उजव्या कुल्ल्यावर. तिथे फक्त जीन्स होती. ती डांबराने किसणीसारखी फाडली आणि खालचं सालटं निघालं. बायकोचा दिवाळीतला प्रश्न मला तिथेच, उंब्रजच्या रस्त्यावर, आठवला. तिथून साताऱ्यापर्यंतचा हायवे मी पेडलवर जवळजवळ उभा राहूनच कापला. पुढचे दहा दिवस ऑफिसात एका बाजूला कलून बसलो.

हाडं शाबूत राहिली ती नशिबाने. चॅप्सचं काम घासण्यापासून वाचवण्याचं, आणि तेही अर्ध्याच भागात. आपटण्यापासून वाचवायला गुडघ्याला आणि कमरेला पॅड लागतात. पँट घेताना आतल्या पॅडवर ईएन १६२१-१ हा युरोपीय मानकाचा छाप आहे का बघा, सोबत लेव्हल १ की लेव्हल २ तेही लिहिलेलं असतं. लेव्हल १ च्या पॅडमधून चाचणीत सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत धक्का पार गेलेला चालतो, लेव्हल २ मध्ये ती मर्यादा २० आहे. म्हणजे २ बरा. कापड घासणीला किती टिकतं यासाठी ईएन १७०९२ आहे, त्यात ए, एए, एएए अशी चढती श्रेणी. नुसता स्पंजचा तुकडा घातलेल्या पँटाही बाजारात 'रायडिंग पँट' म्हणून विकतात. बोटाने दाबून बघा, लेबल वाचा, लाजू नका. पॅड गुडघ्यावर बसतो की खाली नडगीवर सरकतो हेही गाडीवर बसूनच बघायचं.

पडल्यावर मी पट्ट्यांचे नी-गार्ड घेऊन चॅप्सच्या आत घालून पाहिले. मांडीत चॅप्स घट्ट असतील तर चेन लागत नाही, सैल असतील तर हायवेला फडफडतात. माझे मधल्या मापाचे निघाले, कसेबसे जमले. मागची बाजू उघडीच.

म्हणून कुणी विचारलंच तर सांगतो: पहिली खरेदी हेल्मेट, मग हातमोजे, घोटा झाकणारे बूट, मग पॅडवाली जाळीची पँट. कायद्याने सक्ती फक्त हेल्मेटची आहे, पण डांबराला कायदा कळत नाही. हे सगळं झाल्यावर हाती पैसे उरले आणि पहाटे महाबळेश्वर-कासला जायचा नाद असला तर चॅप्स घ्या. फुकट मिळाले तर जरूर घ्या. पँटच्या ऐवजी म्हणून घेऊ नका. घेतलेत तर मशीनमध्ये धुवू नका, उन्हात किंवा चुलीपुढे वाळवू नका. ओल्या फडक्याने पुसून सावलीत टांगा आणि पावसाळ्याआधी चामड्याचं क्रीम लावून उघड्या हवेत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही.

रस्त्याबद्दल एक राहिलं. हीच फेरी करणार असाल तर उलटी करू नका, नाहीतर आंबेनळी आणि केळघर अंधारात पडतील. आणि हंगामात मल्हारपेठ-उंब्रज रस्त्यावर कारखान्याच्या वाहनांमागे अंतर ठेवा, वळणावर माती दिसली की वेग आधीच कमी करा, मातीवर पोचल्यावर ब्रेक नको.

ओरखडा पुसता येतो का बघायला चॅप्स परत त्याच मोच्याकडे नेले. त्याने कातडं बोटाने चाचपलं, माझी चाल बघितली आणि काय झालं असावं ते न विचारताच ओळखलं. "साहेब, म्हशीचं कातडं आहे माझ्याकडं. मागं पण लावून देऊ का?" मी किती लागतील ते विचारून आलोय.